वेळेवर येणारं स्टेशन

आमच्या ह्यांना एखादी वस्तू बिघडलेली दिसली की त्यांचं जेवणावरचं लक्ष उडतं. पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा सगळे चहा घेऊन समोर उभे, आणि हे आमच्या दाराची करकरणारी बिजागरी वाकून बघतायत. आईनं मला आत बोलावून हळूच विचारलं, "मुलगा बरा आहे ना गं?" मी म्हटलं, बराच आहे, फक्त बिजागरीवर जीव जडलेला दिसतोय. पुढे कळलं, तो जीव सगळ्याच बिघडलेल्या गोष्टींवर जडतो. नीट चाललेल्या गोष्टीकडे हे ढुंकूनही बघत नाहीत. मी अजून धडधाकट आहे, त्यावरून काय समजायचं ते समजा.

हे लिफ्टवाले. गावातल्या निम्म्या लिफ्टा ह्यांच्या हाताखालून गेल्यात. लिफ्ट मजल्याच्या बोटभर वर थांबली, तर तुम्हीआम्ही पाय जरा उचलून बाहेर पडतो आणि विसरून जातो. हे परत आत शिरतात, खाली जातात, वर येतात, पुन्हा खाली जातात, आणि बाहेर माणसं पिशव्या घेऊन ताटकळत उभी. "चालतंय की हो," असं कुणी म्हटलं तर ह्यांचं डोकं फिरतं. चालतंय हा शब्द आमच्या घरात शिवी आहे. एवढं सगळ्या गावाला वरखाली नेणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दुमजली घरात मात्र जिना आहे. त्यावर कुणी हसलं की हे म्हणतात, "दोन मजल्यांना लिफ्ट लावतं का कुणी?" आणि उठून जातात.

वरच्या मजल्यावर आम्ही, खाली धाकटे दीर. भाऊजी बेकरीत भट्टीवर असतात. पहाटे जातात, दुपारी येतात, दिवेलागणीला झोपतात. हे सकाळी जातात आणि दिवेलागणीला येतात. म्हणजे दोघा भावांची गाठ पडायची नाहीच, आणि पडली तरी उपयोग नव्हता, कारण कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर कपाळाला हात लावाल. एकदा पाहुण्यांसमोर बाबा, म्हणजे माझे सासरे, कौतुकानं म्हणाले, "थोरला माझा कामाचा आणि धाकटा मायेचा." झालं! ह्यांनी अर्थ काढला की आपल्याला माया नाही असं बाबा चारचौघांत बोलले. भाऊजींनी अर्थ काढला की आपण बिनकामाचे. बाबांना कुणीच काही विचारलं नाही. राग काढला तो एकमेकांवर, कारण दोघांचीही खात्री, की बाबांचे कान दुसऱ्यानंच भरले. बाबांना धड ऐकू येत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

माझं आणि माझ्या जावेचं मात्र उत्तम चाललं होतं. गच्चीवर कपडे वाळत घालताना आम्ही दोन्ही मजल्यांचा सगळा कारभार उरकायचो. बाबा एक महिना वर आणि एक महिना खाली राहायचे, तेही आम्हीच ठरवलेलं. महिना बदलला की बाबा काठी टेकत आपले आपण जिना चढायचे नाहीतर उतरायचे, आणि त्यांची उशी मागून आम्ही आणायचो.

बाबा रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसून जन्म गेला. त्यामुळे त्यांनी जे काही बघितलं ते मागे पडलेलं बघितलं. गेलेलं स्टेशन, गेलेला पूल, गेलेलं फाटक. इंजिनातून पुढचं कसं दिसतं ते बघायचं राहूनच गेलं, अशी त्यांची खंत. मग आमच्या लेकीनं त्यांना एक वेड लावून दिलं. ड्रायव्हरच्या काचेतून घेतलेले व्हिडिओ असतात म्हणे, कुठकुठल्या देशांतले. तासन् तास नुसते रूळ. वळण, बोगदा, बर्फ, पुन्हा बोगदा. माणूस नाही, गोष्ट नाही, काही नाही. मी दहा मिनिटांत घोरायला लागते. बाबा मात्र खुर्चीच्या कडेवर बसून डोळे फाडून बघायचे. स्टेशन आलं की पडद्यावर खाली त्याचं नाव मराठीत उमटायचं. बाबा ते मोठ्यानं वाचायचे, आणि गाडी स्टेशनातून जात असताना हात वर करायचे, जणू फलाटावरचा स्टेशनमास्तर ह्यांचीच वाट बघत उभा आहे. ऐकू येत नसल्यामुळे त्या नावाशिवाय त्यांना दुसरा आधार नव्हता.

लेक परगावी असते. तिनं भांडण नको म्हणून दोन मजल्यांसाठी दोन डब्या पाठवल्या, अगदी एकसारख्या. साबणाच्या वडीएवढी डबी, आत एकच बोर्ड, आणि तो म्हणे पूर्ण कॉम्प्युटर. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स, त्यावर मीडिया सेंटर नावाचं सॉफ्टवेअर. टीव्हीला जोडलं की सगळे व्हिडिओ चित्रांसकट मांडून दाखवतं. डबीला स्वतःचा कीबोर्ड नाही. काही दुरुस्त करायचं तर लॅपटॉपवरून तिच्यात शिरायचं. डबीचा नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, की आत. लेकीनं दोन्हींचा पासवर्ड एकच ठेवला होता, आणि सुट्टीला आली तेव्हा दोन्ही घरच्या लॅपटॉपना ज्याच्या त्याच्या डबीच्या नंबरची चिठ्ठी चिकटवून दिली होती. इंटरनेट दोन्ही मजल्यांना मिळून एकच, बाबांच्या नावावरचं. त्याचा राउटर जिन्याच्या वळणावर भिंतीला लावलेला, म्हणजे वरचाही नाही आणि खालचाही नाही. भांडलेल्या घरात अशी एखादी वस्तू असतेच.

सगळं छान चाललं होतं. एकच खोट होती. स्टेशनाचं नाव जरा उशिरा यायचं. फलाट मागे पडून गाडी सिग्नलपाशी पोचली की मग खाली नाव दिसणार. बाबा दोन्ही मजल्यांवर कुरकुर करायचे, पण बघायचे.

मग बाबांचा गुडघा गेला. ते तेव्हा खाली होते. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद, कायमचा. झाली ना पंचाईत! एक महिना वर आणि एक महिना खाली हे आता जमणार कसं? त्यांना खुर्चीत बसवून उचलून न्यायचं तर दोन माणसं लागतात, आणि घरात पुरुषमाणसं दोनच, आणि ती दोन एका खुर्चीला हात लावणार नाहीत. आता बाबांनी कुठल्या तरी एका मजल्यावर राहायचं, एवढंच उरलं. दोघेही मुलगे हट्टाला पेटले. आम्हा दोघी सुनांना समोर बसवून बाबांनी निकाल दिला.

"दोघांनाही सांगा. स्टेशन गेल्यावर त्याचं नाव कळणं मी जन्मभर केलंय. आता पुरे. ज्याच्याकडे नाव वेळेवर येईल, त्याच्याकडे मी कायमचा. वरच्याकडे आलं तर एकदाच मला उचलून न्या. पुन्हा उतरणार नाही."

मी वर येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. पण हे उठून बाबांच्या खोलीत गेले, त्यांच्या पलंगाची चादर काढून झटकली, पुन्हा घातली, आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "मला बाबा इथे हवेत गं. कामाचा म्हणतात ना मला? मग कामानंच आणतो."

त्या पाठीकडे बघून मला गलबलून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अमुक हवं असं हे कधी तोंडानं बोललेले मला आठवत नाहीत.

नेमकी दुसऱ्या दिवशी वीज गेली. बऱ्याच वेळानं आली. आणि तिथून आमच्या टीव्हीत भूत शिरलं.

हे संध्याकाळी आले, चहासुद्धा न घेता लॅपटॉप उघडून बसले. डबीत शिरले, नावं थोडी पुढे सरकवली, म्हणजे जरा लवकर उमटावीत अशी, उठून टीव्ही बघितला. काही फरक नाही. आणखी सरकवली. फरक नाही. डबी बंद करून चालू करण्याचा हुकूम सोडला. लॅपटॉप म्हणतो, केली. टीव्हीवर मात्र गाडी आपली निवांत बोगद्यातून चाललेली. "असं होऊच शकत नाही," हे म्हणाले. हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं, की भाजी चिरताना माझ्याच तोंडून निघायला लागलं.

दिवसा तर त्याहून कहर. दुपारी मी एकटी घरात, डोळा लागायला आलेला, आणि टीव्ही आपला आपण चालू! पडद्यावर चौकोन इकडून तिकडे हलतायत, कुणी हात न लावता. बघता बघता सगळा पडदा गुलाबी झाला. मग त्यावरची मराठी गेली आणि कुठलीशी अगम्य भाषा आली, अक्षरांवर टोप्या घातलेली. मग कुठल्या तरी गावचं हवामान, उणे सतरा अंश. मी पांघरूण घेऊन बसले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "तू रिमोटवर बसली असशील."

"मी रिमोटवर बसले म्हणून उणे सतरा अंश थंडी पडली?"

पण माझ्यावरचा संशय गेला नाही. हे कामाला जाताना रिमोट बरोबर घेऊन जायला लागले. तरी दुपारी टीव्ही गुलाबीच. मग ह्यांनी चार्जर बदलला. केबल बदलली. डबीतलं कार्ड काढून पुसून परत घातलं. डबी गरम होते का बघायला तिला भिंतीपासून लांब, पाटावर ठेवली. लिफ्टच्या धंद्यातला ह्यांचा नियमच आहे, की आधी सगळं मूळ जागी आणायचं आणि मग बिघाड शोधायचा. म्हणून रोज संध्याकाळी पहिलं काम म्हणजे डबीतल्या सगळ्या सेटिंगा पुसून कोऱ्या करणे. रोज पुसायचे, आणि रोज आमचा टीव्ही जसाच्या तसा गुलाबी.

लेकीचा फोन आला. "पप्पा, डबी कशी चाललीय?"

"फर्स्टक्लास," हे म्हणाले, पाटासमोर मांडी घालून.

"अहो, विचारा ना तिला," मी खुणेनं सांगितलं. ह्यांनी डोळे वटारले. जन्मभर दुसऱ्यांचे बिघाड काढलेला माणूस पोटच्या पोरीला बिघाड सांगणार होय!

गच्चीवर जाऊ भेटली. तिचा चेहरा उतरलेला. "ताई, आमच्याकडे काहीतरी बाधा झालीय. हे दुपारी लावायला जातात ते काही लागत नाही, आणि संध्याकाळी हे झोपले की आहे तेही आपोआप पुसलं जातं. टीव्ही मधेच बंद पडतो, परत चालू होतो. बाबा ओरडतात, माझी गाडी कुठे गेली म्हणून."

"आणि नावं?"

"ती तर सुटलीच आहेत. रोज आणखी पुढे. परवा एका स्टेशनात गाडी उभी आणि खाली नाव पुढच्याच्या पुढच्या स्टेशनाचं. बाबा हात वर करून बसले ते खाली घेईचनात. म्हणाले, सिग्नल चुकलाय, गाडी सोडता येत नाही. पण एक सांगू? अक्षरं छान मोठी झालीत हो आपोआप. त्यावर खूश आहेत."

मी भोळेपणानं वर येऊन सांगितलं, खाली अक्षरं मोठी झालीत आणि बाबा खूश आहेत. ह्यांचा चेहरा पडला. "मला सुचलं होतं ते. मीच तर केली मोठी. आपल्याकडे होत नाहीत आणि त्याच्याकडे होतात? धाकट्याला जमलं?" बसले परत. अक्षरं दुप्पट केली. आमच्या टीव्हीवर ती तेवढीच. खाली, दुसऱ्या दिवशी जाऊ सांगते, एकेक अक्षर ताटाएवढं झालं, आणि आगगाडी त्याच्या मागे दडून गेली. बाबा म्हणे काना आणि मात्रेच्या फटीतून रूळ बघत होते.

आता मला सांगा, ह्यात भूत कुठे आहे? मला लिनक्स कळत नाही. पण मला कान आहेत. सुट्टीचा दिवस होता, दुपारची वेळ, दोघेही भाऊ घरात आणि जागे. ह्यांनी इकडे लॅपटॉपवर डबी बंद करून चालू करायचं बटण दाबलं, की खालून टीव्ही सुरू झाल्याची ती टुणटुण यायची, आणि पाठोपाठ बाबांची आरोळी. पुन्हा दाबलं. पुन्हा टुणटुण, पुन्हा आरोळी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकलं आणि म्हटलं, "अहो, तुम्ही भाऊजींच्या डबीत शिरलाय."

हे असे ताडकन उभे राहिले की पाट कलंडला. "मी? त्याच्या डबीत? ज्याच्या उंबऱ्यावर मी पाय ठेवत नाही, त्याच्या डबीत मी शिरेन?"

"पाय नाही हो ठेवलात, बोटं ठेवलीत."

"ह्या चिठ्ठीवर नंबर आहे बघ. आपला नंबर. पासवर्डही लागतोय. मग?"

"पडद्यावर निरोप पाठवता येतो ना लॅपटॉपवरून? लेकीनं दाखवलं होतं. पाठवा. आपल्या टीव्हीवर दिसला तर मी आजपासून मूग गिळून बसेन."

ही लालूच मोठी होती. हे बसले. चष्मा नाकावर सरकवला. मला वाटलं 'टेस्ट' वगैरे काही लिहितील. पण आपल्याच रिकाम्या खोलीतला आपलाच टीव्ही, त्याला काय, काहीही लिहिलं तरी कोण वाचतंय? एका बोटानं, एकेक अक्षर शोधत ह्यांनी लिहिलं:

"बाबा वर या. तुमच्याशिवाय करमत नाही."

आणि पाठवलं.

आमच्या टीव्हीवर काही नाही. रूळ, बर्फ, रूळ. खालच्या टीव्हीचा आवाज मात्र एकदम बंद झाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तेवढ्यात आमच्या पडद्यावर, त्या गुलाबी रंगावर, कोपऱ्यात एक पट्टी सरकत आली. तिच्यावर एकच शब्द होता.

"दादा?"

ह्यांचा हात तोंडावर गेला. ते बघतायत तोवर पट्टी आपोआप नाहीशी झाली. मग हा शहाणा माणूस काय लिहितो?

"कोण?"

"मी. तू माझ्या टीव्हीत काय करतोयस?"

"तू माझ्या टीव्हीत काय करतोयस?"

"म्हणजे रोज सगळं पुसणारा तू?"

"म्हणजे गुलाबी रंग तुझा?"

"तो चुकून. माझ्याकडे दिसतच नव्हता म्हणून पुन्हा पुन्हा लावला."

"आणि उणे सतरा?"

"ते माहीत नाही."

मधे एक जिना. दार उघडून हाक मारली असती तर खाली ऐकू गेलं असतं. पण नाही! दोघे भाऊ एकेका बोटानं लिहितायत, आणि पट्टी वाचून व्हायच्या आत गायब होते म्हणून परत लिहायला लावतायत. तिकडे बाबांची गाडी त्या ताटाएवढ्या अक्षरांमागे, आणि त्यावर ह्या पट्ट्या. शेवटी जावेनं जिन्यातून हाक घातली, "ताई, आवरा ह्यांना! बाबा म्हणतायत, समोरून दुसरी गाडी येतेय!"

दोघेही एकदम निघाले. हे वरून, भाऊजी खालून. वळणावर राउटरपाशी समोरासमोर आले आणि थबकले. भाऊजींच्या हाताला पीठ नव्हतं, तरी त्यांनी हात विजारीला पुसला. मग ह्यांनी राउटरकडे बोट केलं, कारण बिघडलेल्या वस्तूविषयी हे कुणाशीही बोलू शकतात.

"वीज गेली होती ना. नंबर हा वाटतो. परत चालू झाल्यावर वाटताना उलटसुलट झाले. तुझा मला दिला आणि माझा तुला."

"मग आता काय करायचं?"

हे विचारात पडले. लेकीला फोन करून, राउटरमधे शिरून, नंबर कायमचे बांधून घ्यायचे, असं काहीतरी असतं म्हणे. ह्यांनी ते काही केलं नाही. "तुझी चिठ्ठी मला दे," म्हणाले, "आणि माझी तू घे."

त्यांनी चिठ्ठ्या बदलल्या आणि दोघे आपापल्या घरी गेले. मग काय, जो तो पहिल्यांदाच स्वतःच्या डबीत! चहा उकळायच्या आत आमचा टीव्ही गुलाबीतून बाहेर आला, टोप्या उतरवून अक्षरं मराठीत आली, आणि ह्यांनी नावं अशी काही बसवली, की फलाटाचं टोक दिसायला आणि नाव उमटायला एकच गाठ. हे उठले, टीव्हीपासून चार पावलं मागे गेले, पुन्हा बघितलं. चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं आता शीळ घालतील. खालूनही भाऊजींचा आवाज आला, "जमलं!"

आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. दोन्हीकडे जमलं होतं.

हे कपडे बदलून खाली गेले. हो, धुतलेला शर्ट घालून. भावाच्या घरात कित्येक वर्षांनी पाय ठेवायचा होता. मी मागोमाग गेले. भाऊजी बाबांच्या खुर्चीच्या एका बाजूला उभे, हे दुसऱ्या बाजूला, दोघेही लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला उभे राहत असतील तसे. समोर गाडी एका लांबलचक पुलावरून निघाली. पूल संपला, फलाट दिसायला लागला, आणि त्याच क्षणी खाली नाव उमटलं. अगदी वेळेवर.

बाबांनी ते वाचलं नाही. हातही वर केला नाही. रिमोट शोधून त्यांनी टीव्ही बंद केला.

"वर पण असंच येतंय?"

"हो बाबा," हे मोठ्यानं म्हणाले. "अगदी असंच. सांगा आता. कुणाकडे?"

बाबा आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. हेही परत विचारणार होते, तेवढ्यात बाबा बोलले, आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे मोठ्यानं नाही, अगदी हळू.

"मला वाटलं होतं तुम्हाला जमायचं नाही. दोघंही हट्टी. एकमेकांना विचारणार नाही. मी आहे तोवर बिघाड सापडायचा नाही, असं धरूनच मी ती अट घातली." त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "एकाला हो म्हणायचं म्हणजे दुसऱ्याला नाही म्हणायचं. तुम्ही दोघंच आहात रे मला. ह्या वयात मी कुणाला नाही म्हणू?"

आणि बाबा रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ते काठीवर हनुवटी टेकून नुसते बसले होते. भाऊजी खाली मान घालून उभे. जाऊ पदरानं डोळे पुसत होती. मलाही आवरेना, खोटं कशाला बोलू?

भाऊजींचा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. हे त्याच्यासमोर बसले. चष्मा सरकवला. मी मागे जाऊन बघितलं, तर स्टेशनाची नावं मागे सरकवत होते. फलाट निघून जाईल, सिग्नल निघून जाईल, मग नाव येईल, इतकी मागे. ज्या माणसानं बोटभर वर थांबलेल्या लिफ्टसाठी अख्ख्या इमारतीला जिन्यानं चढायला लावलं, तो माणूस नीट चाललेली वस्तू स्वतःच्या हातानं बिघडवत होता. बटण दाबून त्यांनी टीव्ही चालू केला.

"बाबा, इकडे अजून मागे पडतंय," ह्यांनी त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. "मी नीट बघितलं नव्हतं."

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. मायेचा धाकटा तो, त्याला कळायला वेळ लागला नाही. "वर पण पुढे पळतंय, बाबा," ते म्हणाले. "दादाला जरा घाईच झाली सांगायची." आणि लगबगीनं लॅपटॉप आपल्याकडे ओढून, ह्यांची चिठ्ठी मागून घेऊन, आमचीही स्टेशनं बिघडवून टाकली.

तेव्हापासून महिना बदलला की दोघे भाऊ बाबांना खुर्चीसकट उचलतात. एक पुढे, एक मागे. जिन्यात असा गोंधळ घालतात की शेजारी खिडक्या उघडतात. "डावीकडे घे!" "कुणाच्या डावीकडे? माझ्या की तुझ्या?" "अरे वर उचल, वर! भट्टीतला ट्रे आहे का तो?" "लिफ्टवाल्यानं मला वर उचलायला शिकवू नये!" बाबा मधे बसून हात वर करतात आणि गाडी सोडायची परवानगी देतात.

ह्या महिन्यात बाबा आमच्याकडे आहेत. संध्याकाळी हे त्यांच्याशेजारी बसतात, आणि ते बसणं बघवत नाही. स्टेशन येतं, नाव भलतंच असतं, आणि ह्यांची बोटं वळवळायला लागतात. मग हे दोन्ही हात मांडीखाली घालून त्यांच्यावर बसतात. काल एक भलंमोठं स्टेशन आलं आणि खाली नाव होतं दोन स्टेशनं पुढचं. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं, बाहेरचा फलाट बघितला, आणि मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं.

"थोरल्या, हे अजून चुकतंय रे."

"हो बाबा," हे म्हणाले. "उद्या बघतो."